रंगावर सही नसते: संग्रहालयातलं विमान कसं वाचायचं?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज शोधनिबंध बाजूला ठेवूया आणि एक वस्तू वाचूया. वस्तू जरा मोठी आहे, चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. ते लंडनच्या उत्तरेला हेंडन इथे, एका जुन्या धावपट्टीच्या जागेवर उभारलेल्या रॉयल एअर फोर्सच्या, म्हणजे आरएएफच्या संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९७२ मध्ये सुरू झालं. तिथे विमानांबरोबर गणवेश, पदकं, कागदपत्रं आणि चित्रंही आहेत. कॉसफर्ड इथे त्याची दुसरी शाखा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही पेट आणि नेटचा अभ्यास करतोय, आमचा विषय रसायन किंवा भौतिकी, मग लष्करी विमानांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सरळ आहे. संशोधनात तुमच्यापुढे येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी कुणीतरी हाताळलेली असते. आलेख, छायाचित्र, आकडेवारी, नमुना, कशावर ना कशावर आधी प्रक्रिया झालेली असते. ती प्रक्रिया दिसायला हवी, तपासता यायला हवी. संग्रहालयातल्या विमानाला हाच प्रश्न विचारता येतो, आणि तिथे उत्तर डोळ्यांना दिसतं.

एक लिबरेटर, दोन नावं

हेंडनमधलं आपलं विमान म्हणजे बी-२४ लिबरेटर. त्याच्या अंगावरचा क्रमांक आहे केएन ७५१. खुणा आरएएफच्या ९९ व्या स्क्वॉड्रनच्या आहेत. ही तुकडी १९४५ मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून जपानविरुद्ध मोहिमा करत होती. विमान बघणाऱ्याला वाटतं, आपण १९४५ सालासमोर उभे आहोत.

आता याच विमानाचं दुसरं नाव बघा: एचई ८०७. हा भारतीय वायुसेनेचा क्रमांक आहे.

झालं असं. लिबरेटर अमेरिकेत बनायची. युद्धकाळात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना जे साहित्य उसनं दिलं, त्या 'लेंड-लीज' योजनेखाली ती ब्रिटनला मिळाली. करार असा की युद्ध संपलं की विमानं परत करायची, नाहीतर निकामी करायची. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि भारतातली अनेक लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून मुद्दाम मोडून ठेवण्यात आली. कुणी परत उडवू नये हाच हेतू होता.

स्वातंत्र्यानंतर नव्या वायुसेनेला जड बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. मग बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी तो चकेरीचा ढिगारा पुन्हा हातात घेतला. एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला जोडून, कामापुरती डागडुजी करून विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा उडती झाली. नोव्हेंबर १९४८ पासून ती वायुसेनेत दाखल होऊ लागली. सागरी टेहळणीचं काम करणाऱ्या ६ व्या स्क्वॉड्रनकडे त्यातली अनेक होती आणि हे स्क्वॉड्रन होतं आपल्या पुण्यात, लोहगावला. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. तोवर जगातल्या इतर हवाई दलांनी हे विमान केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यातलंच एचई ८०७ भारताने १९७४ मध्ये आरएएफ संग्रहालयाला भेट दिलं.

आता हिशोब करा. आरएएफमधलं या विमानाचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं. भारतातलं आयुष्य वर्षांत. ते आज शिल्लक आहे ते भारतीय कारागिरांमुळे. पण अंगावरचा रंग मात्र त्या थोड्या महिन्यांचा आहे. मोडून टाकणाऱ्यांच्या खुणा परत आल्या, जोडणाऱ्यांच्या गेल्या.

थांबा, लगेच चिडू नका

इथे एक सोपा लेख लिहिता येईल: 'साम्राज्याने आपला इतिहास पुसला' वगैरे. तसा लेख वाचायला बरा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी निसटतात.

पहिली, संग्रहालयाने काही लपवलेलं नाही. आपल्या बहुतेक विमानांचा तारीखवार जीवनवृत्तांत त्यांनी संकेतस्थळावर ठेवला आहे. कोणतं विमान कुठल्या दिवशी कुठल्या तुकडीकडे गेलं, कधी मोडीत निघालं, कुणी दुरुस्त केलं, सगळं त्यात असतं. या लिबरेटरचा भारतातला काळही असाच नोंदलेला आहे. कागद खरं बोलतोय.

दुसरी गोष्ट, हे आरएएफचं संग्रहालय आहे. कोकोस बेटांवरून उडालेल्या माणसांची आठवण ठेवणं हे त्यांचं कामच आहे. दिल्लीत पालमला वायुसेनेच्या संग्रहालयात लिबरेटर आहे, त्यावर भारतीय खुणा आहेत. तिथे कुणी आरएएफचा रंग मागत नाही.

मग माझी तक्रार नेमकी काय आहे? कागद एक सांगतो आणि रंग दुसरं, आणि दोघांची ताकद सारखी नाही. दालनात शिरलेल्या शंभर माणसांपैकी शंभर जणांना रंग दिसणार. कागद उघडणारे किती? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर खरी माहिती पुरवणी-साहित्यात टाकलेली आहे आणि मुख्य आकृतीत फक्त निवडलेला भाग आहे. नियम मोडलेला नाही, पण वाचक चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातो.

हे किती लांबवर जाऊ शकतं याचं उदाहरण बघायला अमेरिकेत जावं लागेल. कारण भारतातून निवृत्त झालेली लिबरेटर बऱ्याच देशांत गेली. १८ हजारांहून जास्त बनलेल्या या विमानाची आज मोजकीच शिल्लक आहेत आणि त्यातली बरीच भारतातून गेलेली आहेत. एचई ७७१ हे भारतीय लिबरेटर अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतलं आणि दुरुस्त करून १९८९ मध्ये उडवलं. आधी त्यावर नाव होतं 'ऑल अमेरिकन'. मग १९९८ पासून त्यावर 'द ड्रॅगन अँड हिज टेल' हे चित्र आलं, नाकापासून शेपटीकडे पसरलेला भलामोठा ड्रॅगन. मग २००५ पासून 'विचक्राफ्ट'. तीन वेगवेगळ्या विमानांची ओळख, आणि या विमानाने स्वतः त्यातलं एकही आयुष्य जगलेलं नाही. ड्रॅगनचं मूळ चित्र सार्किस बार्टिजियन या सैनिकाने पॅसिफिकमधल्या एका वेगळ्याच लिबरेटरवर काढलं होतं. ते मूळ विमान युद्धानंतर भंगारात गेलं. म्हणजे चित्र एकाचं, अंग दुसऱ्याचं. त्या फाउंडेशनचा हेतू वेगवेगळ्या तुकड्यांना मान देण्याचा होता, हे मान्य. पण संशोधक म्हणून तुम्ही त्या विमानाचा फोटो 'पुरावा' म्हणून वापरलात तर तो पुरावा कशाचा?

गोल खुणांचं कालमापन

इथे एक कामाची युक्ती सांगते. लष्करी विमानाच्या पंखावरची गोल खूण नीट बघा, तीवरून रंग कुठल्या काळाचा ते कळतं. ब्रिटिश खुणेच्या मध्यभागी लाल ठिपका असतो. पण ब्रह्मदेश-मलाया भागातल्या युद्धात तो ठिपका काढून टाकला, कारण लांबून तो जपानी विमानावरच्या लाल गोळ्यासारखा दिसे आणि आपलीच माणसं आपल्यावर गोळी झाडतील अशी भीती होती. भारतीय वायुसेनेने स्वातंत्र्यानंतर काही काळ निळं अशोकचक्र वापरलं आणि १९५० पासून केशरी-पांढरा-हिरवा गोल.

म्हणजे खूण बघून काळाची दोन टोकं ठरवता येतात. भूगर्भातल्या थरात सापडलेल्या जीवाश्मावरून थराचं वय काढतात, तसंच हे. फक्त एक अट लक्षात ठेवा. तुम्ही वय काढता ते रंगाने दाखवलेल्या काळाचं. रंग प्रत्यक्षात कधी लावला आणि धातू कधीचा, हे दोन प्रश्न अजून उघडेच राहतात. एकाच वस्तूची तीन वयं असू शकतात, आणि आपण बहुतेक वेळा एकच विचारतो.

न रंगवलेली विमानं

हेंडनच्याच संग्रहात याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे. हॅलिफॅक्स डब्ल्यू १०४८. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन युद्धनौका टिर्पिट्झवर हल्ला करायला हे विमान स्कॉटलंडहून नॉर्वेला गेलं. तोफांचा मारा लागला आणि वैमानिकाने ते होकलिंगेन नावाच्या गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. माणसं वाचली. बर्फ वितळला आणि विमान तळ्यात बुडालं. १९७३ मध्ये ते वर काढलं आणि बहुतांशी सापडलं त्याच अवस्थेत मांडलं. फाटलेला पत्रा, गंजलेले सांगाडे, काही जागी टिकून राहिलेला १९४२ चा रंग.

मला स्वतःला हे त्या संग्रहातलं सगळ्यात प्रामाणिक विमान वाटतं. कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच देतं. कुठे मार लागला, कुठला भाग चिखलात होता, कुठल्या धातूने दम धरला, हे बघून समजतं.

पण 'प्रामाणिक' म्हणजे 'कच्चं' असं समजू नका. हा मुद्दा कळायला कॉसफर्डचं डॉर्नियर बघा, आणि इथे थोडं रसायनशास्त्र लागेल.

डॉर्नियर १७ हे जर्मन बॉम्बफेकी विमान १९४० मध्ये इंग्लिश खाडीत पडलं. जून २०१३ मध्ये गुडविन सँड्स इथून ते वर काढलं. या प्रकारातलं जवळजवळ अखंड असं हे एकच विमान जगात उरलं आहे. पाण्यात सत्तरहून अधिक वर्षं टिकलेलं विमान हवेत आल्यावर मात्र झपाट्याने खलास होऊ शकतं. का? विमानाचा पत्रा ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मिश्रधातूचा असतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड आयन त्यातल्या बारीक खड्ड्यांत आणि मीठ-शिंपल्यांच्या कवचाखाली जाऊन बसलेले असतात. वाळूखाली ऑक्सिजन कमी, म्हणून गंज सावकाश. बाहेर काढलं की भरपूर ऑक्सिजन, दमट हवा आणि आत दबा धरून बसलेले क्लोराइड. तांब्याचा अंश जास्त असलेला भाग आणि ॲल्युमिनियम यांच्यात छोट्या छोट्या विद्युतघटांसारखी क्रिया सुरू होते आणि धातू आतून पोखरला जातो.

म्हणून कॉसफर्डला विमानाचे भाग प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण सतत फवारलं. लिंबात असतं तेच आम्ल. त्याने कवच सुटतं, क्लोराइड धुऊन निघतं आणि आम्लता आटोक्यात ठेवली तर खालचा धातू बराचसा शाबूत राहतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांचा या कामात सहभाग होता.

आता सांगा, हे विमान 'जसंच्या तसं' आहे का? समुद्राने चढवलेला सत्तर वर्षांचा थर आपण काढून टाकला. तो थरही पुरावाच होता, फक्त दुसऱ्या प्रश्नाचा. हॅलिफॅक्सच्या बाबतीतही 'इथेच थांबायचं' हा कुणीतरी घेतलेला निर्णयच आहे. न रंगवणं हीसुद्धा प्रक्रिया आहे. फरक इतकाच की या दोन ठिकाणी प्रक्रिया कुठे थांबली ते बघणाऱ्याला दिसतं.

माझ्या प्रयोगशाळेत हे रोज होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीज न वाहणारा नमुना बघायचा तर आधी त्यावर सोन्याचा पातळ थर चढवावा लागतो. पडद्यावर जे सुंदर चित्र येतं ते खरं तर सोन्याच्या कातडीचं असतं. यात गैर काहीच नाही, कारण पद्धतीच्या भागात 'सोन्याचा थर दिला' असं आम्ही लिहितो. ते एक वाक्य गाळलं तर तेच चित्र दिशाभूल करेल.

चित्रकाराची सही

आता विमानांकडून भिंतीवरच्या चित्रांकडे वळू. या संग्रहात लॉरा नाइट यांनी १९४१ मध्ये काढलेलं एक तैलचित्र आहे. कॉर्पोरल एल्स्पेथ हेंडरसन आणि सार्जंट हेलन टर्नर या दोन स्त्रिया त्यात आहेत. लंडनजवळच्या बिगिन हिल तळावर १९४० मध्ये बॉम्ब पडत असताना त्या दूरध्वनीची जागा सोडून हलल्या नाहीत, म्हणून दोघींना मिलिटरी मेडल मिळालं. युद्धाचं चित्रण करण्यासाठी ब्रिटिश सरकारने जी समिती नेमली होती, तिच्यासाठी नाइट काम करत होत्या. म्हणजे चित्र सरकारी प्रचाराच्या चौकटीत जन्मलं.

मग हे चित्र पुरावा म्हणून कमी भरवशाचं का? माझं उत्तर उलटं आहे. समोर तैलरंग आहे, कुणीतरी बसून काढलंय, कुणीतरी काढून घेतलंय, हे बघताक्षणी कळतं. चित्रकाराचं नाव आहे, साल आहे, कुणासाठी काढलं तेही शोधता येतं. त्यामुळे आपण आपोआप सावध होतो आणि प्रश्न विचारतो. उदाहरणार्थ, चित्रात दोघीच का? बिगिन हिलवर हे पदक तिघींना मिळालं होतं. तिसऱ्या सार्जंट जोन मॉर्टिमर. त्या या चौकटीत नाहीत. चित्राला चौकट असते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून चौकटीबाहेर कोण राहिलं हे विचारायचं सुचतं.

लिबरेटरच्या बाबतीत ते सुचत नाही. तोही रंगच आहे. तोही कुणीतरी ठरवून, कुणाच्या तरी सांगण्यावरून, संग्रहालयात लावलेला. पण त्यावर सही नाही, साल नाही, चौकट नाही. धातूवर असल्यामुळे तो धातूइतकाच खरा वाटतो.

याच दालनांत 'एस फॉर शुगर' हे लँकेस्टर विमान आहे. नाकावर बॉम्बच्या छोट्या चित्रांच्या रांगा रंगवल्या आहेत, एक चित्र म्हणजे एक मोहीम. या विमानाच्या नावावर १३७ मोहिमा आहेत. खाली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई लिहिली आहे, शत्रूचं एकही विमान आमच्या भूमीवर उडणार नाही या अर्थाची. रांगांशेजारी ते वाचलं की हसू येतं. सैनिकांनी केलेली ती चेष्टाच होती.

आता ही रांग आकडेवारी म्हणून वाचा. मोजलं काय? मोहिमा. मोजलं काय नाही? खाली शहरांत मेलेली माणसं. आणि वर मेलेलीही. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण या युद्धात गेले. जी विमानं तिसऱ्या, पाचव्या मोहिमेत पडली त्यांच्या नाकावर रांग वाढलीच नाही, आणि ती हेंडनलाही आली नाहीत. संग्रहालय हा वाचलेल्यांचा नमुना असतो. सांख्यिकीच्या वर्गात शिकलेला हा पूर्वग्रह इथे प्रत्यक्ष उभा आहे. १३७ हा आकडा खरा असला तरी सर्वसाधारण लँकेस्टरबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

मग संग्रहालयाने करावं काय?

टीका करून हात झटकणं सोपं असतं, म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडते. लिबरेटर भारतीय रंगात रंगवा असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर नुसती बाजू बदलेल, पद्धत तीच राहील.

जुनी चित्रं दुरुस्त करणारे लोक एक चांगली गोष्ट करतात. साफ केलेल्या चित्रात एखादा छोटा चौकोन मुद्दाम न साफ करता ठेवतात, म्हणजे आधी काय होतं आणि आपण काय केलं ते कुणालाही दिसावं. विमानावर हे का नको? एका पत्र्यावर एचई ८०७ हा क्रमांक आणि तिरंगी गोल. शेजारी पाटीवर एक ओळ: हा रंग कधी, कुठल्या वर्षाचा धरून दिला. आणि चकेरीहून बंगळूरपर्यंतची गोष्ट विमानासमोर, संकेतस्थळावरच्या कागदात नव्हे. याला खर्च फारसा नाही, आणि ९९ व्या स्क्वॉड्रनचा मान तसूभरही कमी होत नाही. उलट लोहगावच्या आणि बंगळूरच्या ज्या मेकॅनिकांची नावं कुठे कोरलेली नाहीत, त्यांच्या हाताचं काम निदान दिसेल.

तुमच्यासाठी गृहपाठ

लंडनला जायची गरज नाही. गोव्यात दाभोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे उघड्यावर एक मोठं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, नौदलाच्या खुणांचं. हेच विमान १९५५ च्या सुमारास एअर इंडियाकडे प्रवासी विमान म्हणून आलं तेव्हा त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', आपल्या वेरूळवरून. मग ते वायुसेनेत गेलं, पुन्हा त्याच पुण्याच्या ६ व्या स्क्वॉड्रनकडे. १९७६ मध्ये नौदलाकडे. तीन मालक, एक रंग. शिवाय समोर समुद्र आहे, म्हणजे खारी हवा आणि क्लोराइड रोज आपलं काम करतायत.

गोव्याला जाल तेव्हा अर्धा तास त्या विमानाला द्या आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. ही वस्तू आज मला कुठल्या वर्षातली म्हणून दाखवली जातेय?
२. तिच्या आयुष्यातला कुठला काळ त्यामुळे दिसेनासा झाला, आणि त्या काळात तिच्यावर कुणी काम केलं?
३. दिसणाऱ्या पृष्ठभागावर शेवटचा हात कुणाचा आणि कधीचा?
४. असंच दुसरं, न टिकलेलं उदाहरण इथे असतं तर माझा निष्कर्ष बदलला असता का?

मग घरी येऊन तुमच्या सिनॉप्सिसमधली पहिली आकृती समोर ठेवा आणि तेच चार प्रश्न तिला विचारा. कुठले बिंदू गाळले, रेषा कुठल्या सूत्राने गुळगुळीत केली, नमुना कुणी बनवला, फसलेले प्रयोग कुठे गेले. उत्तरं आकृतीखालच्या ओळींत मावली नाहीत तर ओळी वाढवा. गाइड म्हणतील, एवढं कशाला? त्यांना लिबरेटरची गोष्ट सांगा.